एकही दावा नाही, तरी हप्ता वाढतोच आहे: हवामानबदल विम्याचं नेमकं काय करतोय?

विचारलेला प्रश्न असा: घराचा विमा वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे आहे, आजवर एकही दावा केलेला नाही, तरी प्रत्येक नूतनीकरणाला हप्ता वाढतो. यंदा तर वादळासाठी वेगळी, टक्केवारीतली डिडक्टिबल (दाव्यातला जो भाग आधी स्वतःच्या खिशातून सोसावा लागतो तो) लावली आहे. कंपनी म्हणते, हवामानबदल. हे खरं कारण आहे की हाताशी आलेलं निमित्त? आणि दहा-पंधरा वर्षांनी असा विमा मिळणार तरी का?

मी मालमत्ता विम्याचं अंडररायटिंग केलं, म्हणजे धोका तपासून विमा द्यायचा का आणि किती दराने हे ठरवलं, नंतर पुनर्विम्यात, म्हणजे विमा कंपन्यांच्याच विम्यात, आलो आणि आजही तेच काम करतो. सरळ उत्तर आधी देतो. हवामानबदल हे खरं कारण आहे, पण एकमेव नाही. आणि तुमचं लक्ष हप्त्यावर आहे, ते त्या नव्या डिडक्टिबलवर असायला हवं. हप्ता वाढला की त्याच दिवशी कळतं. संरक्षण कमी झालेलं मात्र नुकसान होईपर्यंत कळत नाही, आणि तेव्हा काही करता येत नाही. माझ्या अनुभवात हवामानाचा ताण पॉलिसीच्या अटींमध्ये सगळ्यात खोल उतरतो, आणि विमाधारक नेमक्या त्याच वाचत नाहीत.

आधी "मी कधी दावाच केला नाही" याविषयी. चोरी, नळगळती, स्वयंपाकघरातली आग अशा नुकसानीत तुमचा इतिहास उपयोगी पडतो, त्यावर सवलतही मिळते. पूर, चक्रीवादळ, वणवा यांच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी आहे. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के निघते. म्हणजे बहुतेक घरं ती तीस वर्षं कोरडीच काढतील, आणि तरी धोका खराच असेल. तुमची वीस वर्षं दाव्याशिवाय गेली याचा आनंदच आहे, पण दर ठरवणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही.

आता आकडा थोडा हलवून बघा. घर पुन्हा बांधायचा खर्च १०० धरू. शतकातून एकदा येणारा पूर त्यातला निम्मा भाग खराब करतो. वर्षाला सरासरी नुकसान झालं ०.५. हवा बदलली आणि तोच पूर चाळीस वर्षांतून एकदा यायला लागला, तर सरासरी नुकसान १.२५, म्हणजे अडीचपट. तीस वर्षांतली शक्यता २६ वरून ५३ टक्क्यांवर जाते. या सगळ्या काळात तुमच्या दारात पाण्याचा थेंबही आला नसेल. हप्ता गेल्या वर्षीच्या नुकसानीची वसुली म्हणून घेतला जात नाही, पुढच्या वर्षीच्या शक्यतेसाठी घेतला जातो. त्यात खर्च, एजंटचं कमिशन आणि कंपनीने वाईट वर्षासाठी राखून ठेवायच्या भांडवलाचा मोबदला मिसळतो. युरोपात सॉल्व्हन्सी-२ नियमांनुसार कंपनीकडे दोनशे वर्षांतून एकदा येईल अशा वाईट वर्षातही तगेल एवढं भांडवल लागतं. ते वर्ष आता किती वाईट असू शकतं, हा अंदाजच वर सरकतो आहे. म्हणून सरासरी नुकसानीपेक्षा हप्ता अनेकदा जास्त वेगाने वाढतो.

ही शक्यता मोजायची पद्धत अमेरिकेतल्या एका वादळाने बदलली. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं आणि विमा कंपन्यांवर सुमारे १५ अब्ज डॉलरचे दावे आले. मागच्या काही दशकांच्या दाव्यांची सरासरी काढून दर ठरवण्याची तोवरची रीत होती, आणि त्या दशकांत तिथे मोठी वादळं कमी आली होती. दहाच्या आसपास कंपन्या बुडाल्या. त्यानंतर कॅटॅस्ट्रॉफी मॉडेल सर्रास वापरात आली: संगणकावर हजारो संभाव्य वादळं चालवायची, प्रत्येक वादळात प्रत्येक घराच्या छपराचं, खिडक्यांचं काय होईल ते काढायचं. अँड्र्यूने दिलेला धडा सरळ होता. भूतकाळ पुरेसा लांब नसेल तर तो फसवतो. आता त्यावर दुसरा धडा चढला आहे: भूतकाळ लांब असला तरी हवामान तेच राहिलेलं नाही.

मग हवामानबदलाचा वाटा किती? इथे मी सावध आहे, आणि कोणी एकच टक्केवारी सांगितली तर तुम्हीही सावध राहा. काही गोष्टी पक्क्या आहेत. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जास्त जोराने पडतो. समुद्राची पातळी वाढल्याने त्याच ताकदीच्या वादळाचं पाणी आणखी आत शिरतं. कोरडं गवत-झुडूप आणि उष्ण वारे यांचा हंगाम लांबतो. जुलै २०२१ मध्ये जर्मनी-बेल्जियममध्ये महापूर आणणारा जो पाऊस झाला, तसा पाऊस होण्याची शक्यता हवामानबदलामुळे १.२ ते ९ पट वाढली, असा निष्कर्ष वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने काढला. ही मर्यादा किती रुंद आहे ते बघा. शास्त्र प्रामाणिक असलं की उत्तर असंच येतं.

त्याच पुराची दुसरी बाजूही सांगायला हवी. जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात १८०४ आणि १९१० मध्ये भीषण पूर आले होते. पण धोक्याचे नकाशे तयार करताना १९४० च्या दशकापासूनच्याच मोजणीचा आधार घेतला गेला, आणि ते दोन्ही पूर हिशेबातून सुटले. नकाशात सुरक्षित दिसणाऱ्या घरांत पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढलं. एकट्या जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. आर्थिक नुकसानीचा मोठा भाग विम्याबाहेर होता, कारण तिथे घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तेव्हा देशातल्या निम्म्याहून कमी घरांकडे तो होता. तापलेली हवा, विसरलेला इतिहास आणि न घेतलेलं कव्हर, तिन्ही एकत्र आले.

खर्च वाढण्याची बाकीची कारणंही खरी आहेत. धोक्याच्या जागी घरं वाढली. सिमेंट, लाकूड, मजुरी महागली, म्हणून तेच छप्पर बदलायला जास्त पैसे लागतात. मोठ्या आपत्तीनंतर एकाच वेळी सगळ्यांना गवंडी आणि सुतार हवे असतात, त्याने भाव आणखी चढतात. फ्लोरिडात तर कोर्टबाजीचा वाटा मोठा होता: अमेरिकेतल्या घर-विम्याच्या दाव्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी दावे तिथले, पण खटले मात्र तीन-चतुर्थांशाच्या आसपास. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलल्यावर बाजार थोडा सावरला, नव्या कंपन्या आल्या. समुद्र तोच, वादळंही तीच, फरक कायद्याने पडला. गारपिटीच्या नुकसानीतही मोठा भाग वाढलेल्या वस्तीचा आणि महागड्या छपरांचा आहे. तेव्हा "हवामानबदल" एवढंच लिहून आलेलं पत्र अर्धवट असतं, आणि कोणते घटक धरून दर काढला ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुसरीकडच्या वादळाचा तुमच्या घराशी संबंध काय, हाही प्रश्न नेहमी येतो. विमा कंपन्या स्वतःचा विमा उतरवतात, तो पुनर्विमा. म्युनिक री, स्विस री अशा थोड्या कंपन्या आणि लंडन-बर्म्युडाचे बाजार जगभरचा हा धोका उचलतात. त्यांचं भांडवल एकच असतं आणि ते फ्लोरिडाच्या वादळाला, युरोपच्या पुराला, जपानच्या टायफूनला तोंड देतं. एका ठिकाणी मोठा फटका बसला की सगळीकडचा भाव चढतो. बहुतेक करार १ जानेवारीला नव्याने होतात. १ जानेवारी २०२३ चं नूतनीकरण या धंद्यातल्या कोणी विसरणार नाही. फ्लोरिडातलं इयन चक्रीवादळ नुकतंच होऊन गेलं होतं, व्याजदर चढले होते, आणि पुनर्विमा कंपन्यांनी भाव तर वाढवलेच, शिवाय आपण पैसे कुठून पुढे देणार ती पायरी बरीच वर नेली.

ही पायरी समजून घ्या, कारण तुमची डिडक्टिबल तिथूनच आली आहे. आधी एखादी कंपनी पहिले दहा कोटी स्वतः सोसत असेल आणि त्यावरचं पुनर्विम्याकडे जात असेल, तर आता तिला पहिले तीस कोटी सोसावे लागतात. महाप्रलय अजूनही वरच्या थरात झाकलेला आहे. मधल्या आकाराच्या घटना, म्हणजे गारपीट, वादळी पाऊस, शहरात तुंबलेलं पाणी, या सगळ्या कंपनीच्याच अंगावर राहतात. आणि नेमक्या याच घटनांचा एकत्रित बोजा वाढला आहे. स्विस रीच्या मोजणीत २०२३ मध्ये वादळी पाऊस-गारपिटीच्या घटनांनी जगभर विमा कंपन्यांना ६० अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला, आणि त्या वर्षी विम्यासाठी अतिप्रचंड म्हणावं असं एकही चक्रीवादळ नव्हतं. हा बोजा पुनर्विम्याकडे ढकलता येत नाही म्हटल्यावर तो खाली येतो, तुमच्याकडे. हप्त्यातून काही, अटींतून बाकीचा.

आता त्या अटी. एक दावा जवळून बघू. घराची विमा रक्कम १००, छप्पर बदलायचा खर्च ८. छपराचं आयुष्य २० वर्षं धरलेलं, आणि ते १५ वर्षांचं झालंय. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत ठरावीक छोटी डिडक्टिबल होती, समजा ०.५, आणि भरपाई नव्या छपराच्या किमतीने. गारपीट झाली, छप्पर गेलं, हातात ७.५ आले. नव्या पॉलिसीत दोन ओळी बदलल्या. पहिली: छपराची भरपाई घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून. पंधरा वर्षं गेली म्हणजे तीन-चतुर्थांश किंमत गेली, उरले २. दुसरी: वादळ-गारपिटीची डिडक्टिबल विमा रकमेच्या दोन टक्के, म्हणजे २. दोनातून दोन गेले. तुमच्याकडे पॉलिसी आहे, हप्ता भरलेला आहे, छप्पर गेलेलं आहे आणि चेक शून्याचा आहे. इथे लोक नेहमी एकच चूक करतात: दोन टक्के म्हणजे नुकसानीचे दोन टक्के असं धरून चालतात. ते विमा रकमेचे असतात. नुकसान मोजायला आलेला सर्व्हेयर समोर बसून हे समजावतो तेव्हा समोरच्याचा चेहरा मी बघितला आहे, आणि त्या क्षणी कुणालाही कायद्याने बरोबर असण्याचं समाधान मिळत नाही.

दुसरी जागा म्हणजे पाण्याची व्याख्या. छपरातून आलेलं पावसाचं पाणी, जमिनीवरून आत शिरलेलं पाणी, गटारातून उलटं आलेलं पाणी आणि समुद्राचं वादळाबरोबर चढलेलं पाणी: घरमालकासाठी हे एकच पाणी आहे, पॉलिसीत ते चार वेगळे धोके असू शकतात. २००५ च्या कतरिना वादळात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर कित्येक घरांची फक्त पायाची लादी उरली. घर आधी वाऱ्याने पडलं की पाण्याने वाहून गेलं? वारा विम्यात होता, पूर नव्हता. साक्षीला भिंतही शिल्लक नव्हती. काही पॉलिसींत असंही कलम होतं की वगळलेला धोका कोणत्याही क्रमाने सामील असला तर ते नुकसान दिलं जाणार नाही. खटले वर्षानुवर्षं चालले. हे कलम आजही पुष्कळ ठिकाणी असतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, ते आज बघा.

तिसरी गोष्ट कंपनी करत नाही, तुम्ही करता: विमा रक्कम जुनीच ठेवणं. बांधकाम खर्च वाढला आणि रक्कम तीच राहिली की कमी-विमा होतो. घर पुन्हा बांधायला १०० लागतात आणि विमा ६० चा आहे, तर सरासरीचं कलम असलेल्या पॉलिसीत २० च्या नुकसानीला १२ मिळतात. पूर्ण नुकसान झालं तरच कमी पडेल, छोट्या दाव्यात चालून जाईल, हा समज चुकीचा आहे. हप्ता आवाक्यात राहावा म्हणून रक्कम कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. बचत करायचीच असेल तर डिडक्टिबल समजून-उमजून वाढवा. खिशातून भागवता येईल एवढं नुकसान स्वतः सोसावं आणि घरच गेलं तर त्यासाठी कव्हर पूर्ण ठेवावं, हे माझं ठाम मत आहे. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

हप्ते सरकारने दाबून धरावेत, असंही तुम्हाला वाटत असेल. भावना समजते, पण याचा शेवट कुठे होतो ते कॅलिफोर्नियात दिसलं. तिथे १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या जनमताने झालेल्या कायद्यापासून दरवाढीला नियामकाची आधी मंजुरी लागते. वणव्याचा दर मागच्या नुकसानीच्या सरासरीवरच ठरवायचा, पुढचा धोका दाखवणारी मॉडेल वापरायची नाहीत, पुनर्विम्याचा वाढलेला खर्च दरात धरायचा नाही, असे नियम अनेक वर्षं होते. २०१८ च्या कॅम्प फायर या वणव्याने पॅराडाइज हे गाव जवळजवळ पुसून टाकलं, १८ हजारांहून अधिक इमारती जळल्या आणि एक छोटी स्थानिक विमा कंपनी त्यात बुडाली. दर धोक्याच्या मागे पडले की कंपनीपुढे दोनच वाटा उरतात, बुडणं किंवा निघून जाणं. राज्यातली सगळ्यात मोठी घर-विमा कंपनी स्टेट फार्म हिने मे २०२३ मध्ये नव्या घर-पॉलिसी देणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी सुमारे ३० हजार घरांच्या पॉलिसींचं नूतनीकरण करणार नाही असं जाहीर केलं. त्यात लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स वस्तीतली घरंही होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच वस्ती जळाली. लॉस एंजेलिसच्या त्या वणव्यांत १६ हजारांहून अधिक इमारती गेल्या आणि स्विस रीच्या अंदाजाने विमा कंपन्यांवर सुमारे ४० अब्ज डॉलरचा भार आला.

ज्यांना कोणी घेत नाही, त्यांच्यासाठी तिथे फेअर प्लॅन नावाची शेवटची सोय आहे. कव्हर तोकडं, हप्ता जास्त. त्या वणव्यांनंतर फेअर प्लॅनलाही पैसे कमी पडले आणि त्याने सदस्य कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर गोळा केले; त्यातला काही भाग कंपन्या राज्यभरच्या पॉलिसीधारकांकडून वसूल करू शकतात. म्हणजे दाबून धरलेला खर्च नाहीसा झाला नाही, तो उशिरा आला आणि ज्यांचा जंगलाशी संबंध नाही त्यांच्याकडेही गेला. राज्याने आता मॉडेल वापरायला आणि पुनर्विम्याचा खर्च दरात धरायला परवानगी दिली आहे, बदल्यात कंपन्यांनी धोक्याच्या भागातही ठरावीक प्रमाणात पॉलिसी द्यायच्या. हा सौदा मला योग्य वाटतो, फक्त तो दहा वर्षं आधी व्हायला हवा होता.

याचा अर्थ सरकारने बाजूला राहावं असा मुळीच नाही. फ्रान्समध्ये १९८२ पासून प्रत्येक मालमत्ता पॉलिसीवर नैसर्गिक आपत्तीचा सारख्या दराने अधिभार आहे. डोंगरातला आणि नदीकाठचा, दोघेही तेवढाच टक्का देतात. दुष्काळाने चिकणमाती आकसून घरांना तडे जाण्याचे दावे इतके वाढले की हा अधिभार १ जानेवारी २०२५ पासून १२ वरून २० टक्के करावा लागला. स्पेनमध्येही सगळ्यांच्या पॉलिसीतून भरणारा सरकारी निधी आहे. ऑक्टोबर २०२४ च्या व्हॅलेन्सिया पुरानंतर त्याच्याकडे दोन लाखांहून जास्त दावे आले आणि ज्यांचा विमा होता त्यांना पूर वेगळा घेतला होता का, हे विचारायची वेळ आली नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये फ्लड री सुरू केलं. पुराच्या धोक्यातल्या घरांचा हप्ता त्यातून आवाक्यात राहतो, पण २००९ पासून बांधलेली घरं त्यात येत नाहीत, म्हणजे पूररेषेत नवं घर बांधणाऱ्याला सवलत नाही. आणि ही योजना २०३९ मध्ये संपणार, हे पहिल्या दिवसापासून कायद्यात आहे. तोवर बांध, निचरा, घरांची दुरुस्ती करून घ्यायची. तिची ही शेवटची तारीख मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुलनेला अमेरिकेची १९६८ ची राष्ट्रीय पूर विमा योजना घ्या. तिचे दर दशकानुदशकं धोक्यापेक्षा कमी राहिले, तीच ती घरं पुन्हा पुन्हा बुडाली आणि पुन्हा पुन्हा तिथेच बांधली गेली. २०१७ मध्ये १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करूनही तिच्या डोक्यावर २० अब्जांहून जास्त कर्ज उरलं. २०२१ पासून तिथे प्रत्येक घराचं पाण्यापासूनचं अंतर आणि पुनर्बांधणीचा खर्च धरून दर काढतात, आणि राहत्या घराची वाढ कायद्याने वर्षाला १८ टक्क्यांवर रोखलेली आहे. खरी किंमत दाखवायची, पण ती एकदम अंगावर टाकायची नाही.

पॅरामेट्रिक, म्हणजे ठरलेल्या मोजमापावर चालणाऱ्या, विम्याबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. यात सर्व्हेयर येत नाही. वाऱ्याचा वेग, पाऊस किंवा हवेचा दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की पैसे मिळतात, नुकसान मोजायची वाट बघावी लागत नाही. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये मिळून अशी संस्था उभी केली आणि तिथून दोन आठवड्यांत सरकारच्या हातात पैसे येतात. तिची दुसरी बाजू जमैकाने पाहिली. जागतिक बँकेमार्फत काढलेल्या १५ कोटी डॉलरच्या आपत्ती-रोख्यात (गुंतवणूकदारांचे पैसे, अट पूर्ण झाली तर देशाला मिळतात) अट वादळाच्या केंद्रातल्या दाबाची होती. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेला लागून गेलं, नुकसान झालं, पण ठरलेल्या चौकटीत दाब पुरेसा खाली गेला नाही. रोख्यातून काहीच मिळालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळ थेट आदळलं आणि त्याच रोख्याचे पूर्ण १५ कोटी मिळाले. देशांना, सहकारी संस्थांना, शेतकऱ्यांच्या गटांना हे साधन फार उपयोगी आहे. एकट्या घरमालकाने मात्र नेहमीच्या विम्याऐवजी ते घेऊ नये. घर पडलं आणि आकडा एका रेषेने हुकला, तर हातात काही येणार नाही.

धोका खरोखर कमी केला तर हप्ता कमी होतो का? काही ठिकाणी नक्कीच. वादळात घर बहुधा छपरापासून मोडायला सुरुवात होते: कडेचा पत्रा किंवा कौलं उचकटतात, खालच्या फळ्यांच्या फटींतून पाणी आत येतं आणि छताखालचं सगळं सामान भिजतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने यावर फोर्टिफाइड नावाचा मानदंड केला. त्यात गुळगुळीत खिळ्यांऐवजी पेरेदार खिळे वापरतात, ते उपसून येत नाहीत; फळ्यांच्या सांध्यांवर पट्टी चिकटवतात, म्हणजे वरचं आवरण उडालं तरी पाणी आत जात नाही; आणि कडा जास्त घट्ट बसवतात. अलाबामा राज्याने अशा छपरांसाठी अनुदान दिलं आणि विमा कंपन्यांना सवलत देणं कायद्याने बंधनकारक केलं. दोन्ही एकत्र आले म्हणून लोकांनी छपरं बदलली. वणव्यात बरीच घरं ज्वाळांनी नव्हे तर वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. म्हणून भिंतीलगतची पाच फूट जागा मोकळी ठेवणं आणि झडपांना बारीक जाळी लावणं, ही स्वस्तातली कामं फार मोलाची ठरतात. अडचण अशी की पुष्कळ कंपन्यांच्या दर-तक्त्यात या कामांसाठी रकानाच नसतो. घरमालकाने खर्च करायचा आणि हप्ता तोच, हे अन्यायाचं आहे, आणि नियामकांनी जोर लावायचा असेल तर तो इथे लावावा. तोवर तुम्ही केलेल्या कामाची बिलं आणि फोटो जपून ठेवा, नूतनीकरणाच्या आधी कंपनीला पाठवा आणि सवलत लेखी मागा. काही अंडररायटर ऐकतात. मी ऐकत आलो आहे.

वाहन, पीक आणि आरोग्य विम्यावरही हवामानाचा भार येतो, पण वाहन आणि आरोग्यात तो इतर कारणांत मिसळून जातो. पीक विमा बहुतेक देशांत सरकारी अनुदानावर चालतो, त्यामुळे तिथला प्रश्न करदात्याचा आणि वेगळा आहे.

तुमच्या पॉलिसीपुरतं सांगायचं तर जुनी आणि नवी अशा दोन्ही पॉलिसी समोर ठेवा आणि फरक खुणेने दाखवायला एजंटला सांगा, लेखी. डिडक्टिबल कशाच्या टक्क्यात आहे? छपराची भरपाई घसारा कापून आहे का? पुराची व्याख्या काय, आणि त्याला वेगळी कमाल मर्यादा आहे का? घर दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहायचा खर्च किती महिने मिळेल? पुन्हा बांधताना नवे बांधकाम नियम पाळावे लागले तर तो जादा खर्च कोण देणार? शेवटचा प्रश्न जवळपास कोणी विचारत नाही, आणि जुन्या घराच्या दाव्यात तोच भारी पडतो. कंपनी बदलायची असेल तर मुदत संपायच्या बरंच आधी चौकशी करा. मोठं वादळ किनाऱ्याकडे निघालं की कंपन्या त्या भागात नवे प्रस्ताव घेणं थांबवतात.

दहा-पंधरा वर्षांनी विमा मिळेल का? बहुतेकांना मिळेल, जास्त हप्त्याने आणि मोठ्या डिडक्टिबलने. म्युनिक रीच्या आकड्यांत २०२४ मध्ये जगभरच्या नैसर्गिक आपत्तींचं नुकसान ३२० अब्ज डॉलर होतं आणि त्यातलं १४० अब्ज विम्यात होतं. म्हणजे आजही निम्म्याहून जास्त नुकसान लोक आणि सरकारं स्वतः सोसतात. वारंवार बुडणाऱ्या किंवा जळणाऱ्या काही जागांना खाजगी विमा मिळणार नाही, असं मला स्पष्ट दिसतं. तिथली माणसं बहुधा गरीब असतात किंवा पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेली असतात, आणि त्यांना हलवायचं असेल तर मोबदला आणि दुसरी जागा देणं हे सरकारचं काम आहे. विम्याच्या नकारपत्राने ते काम करू नये.

पॉलिसी एक वर्षाची असते आणि गृहकर्ज वीस-तीस वर्षांचं, हे घर घेताना लक्षात ठेवा. आज विमा मिळतो म्हणून कर्ज मिळतं; उद्या विमा बंद झाला तर बँक स्वतः महागडा विमा उतरवून त्याचे पैसे तुमच्या नावावर टाकू शकते. कर्जाच्या करारात ते कलम बहुतेक वेळा असतंच. म्हणून नवं घर घेत असाल तर विसार देण्याआधी त्या पत्त्यासाठी दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा आणि विकणाऱ्याकडून मागच्या पाच वर्षांच्या पॉलिसी व दाव्यांची कागदपत्रं घ्या. दर मिळायला वेळ लागत असेल किंवा एखादी कंपनी कारण न देता नाही म्हणत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवून आधी त्याचा शोध घ्या.